समुद्राला सातबारा नाही, म्हणून तेथे नवे खोत नकोत

नेसरी म्हटले की महाराष्ट्राला प्रतापराव गुजर आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी आपल्या सहा साथीदारांसह ते येथल्या खिंडीत पडले, आणि आमच्या गावाची बाहेरची ओळख तेवढीच राहिली. गावात आज जी लढाई रोज चालते ती मात्र विजेच्या बिलाशी चालते. शेतीपंपाला रात्रीची वीज, बौद्धवाड्यातल्या दोन खोल्यांच्या घराला न पेलणारे बिल, बिल थकले की तोडलेले कनेक्शन! गडहिंग्लजच्या कोर्टात वकिली करताना अशी किती बिले आमच्या टेबलावर आली याची मोजदाद आम्ही कधी ठेवली नाही. वीज कोण तयार करतो, कोणत्या करारावर करतो आणि त्या कराराची किंमत शेवटी कोणाच्या बिलातून वसूल होते, हा प्रश्न म्हणून आम्हाला परका वाटत नाही.

नेसरीहून समुद्र दिसत नाही. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी गाठावी, तेथून वेंगुर्ल्याला जावे, तेव्हा तो दिसतो. मग घाटावरच्या माणसाने समुद्रातल्या पवनचक्क्यांवर लेख कशासाठी लिहावा, असे वाचक विचारतील. चळवळीतल्या काही मित्रांनी आम्हाला तसे विचारलेही. "वकीलसाहेब, अत्याचाराच्या केसेस पडल्यात, शिष्यवृत्तीचा प्रश्न पडलाय आणि तुम्ही समुद्रात कुठे निघालात?" त्यांना आम्ही जे उत्तर दिले तेच येथे सविस्तर मांडतो. आपल्या समाजाला प्रत्येक साधनसंपत्तीची वाटणी झाल्यावर जाग आली. जमीन वाटली गेली तेव्हा आपण वेशीबाहेर होतो. पाणी वाटले गेले तेव्हा आपल्याकडे जमीन नव्हती, म्हणून पाणीही नव्हते. आता समुद्र आणि समुद्रावरचा वारा यांच्या वाटणीचे नियम लिहिले जात आहेत. निदान या वेळी तरी आपण नियम लिहिताना हजर असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. समुद्रातला वारा जमिनीवरच्या वाऱ्यापेक्षा जोरकस आणि सलग असतो. म्हणून समुद्राच्या तळात पाया रोवून त्यावर प्रचंड पवनचक्क्या उभ्या करायच्या आणि तळातून टाकलेल्या केबलने वीज किनाऱ्यावर आणायची, असे हे तंत्र आहे. डेन्मार्कने १९९१ साली विंडेबी येथे अकरा पवनचक्क्यांनी याची सुरुवात केली. भारत सरकारने यासाठीचे राष्ट्रीय धोरण ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर केले. २०१८ साली लक्ष्य सांगितले गेले, की २०२२ पर्यंत ५ हजार आणि २०३० पर्यंत ३० हजार मेगावॅट. २०२२ उलटून गेले, पण एक मेगावॅटही उभा राहिला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये समुद्रातील क्षेत्र भाडेपट्ट्याने देण्याचे नियम आले. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी गुजरात व तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅट उभारण्यासाठी, आणि ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी.

महाराष्ट्र या पहिल्या टप्प्यात नाही. म्हणून आपण निर्धास्त राहायचे काय? त्याच दिवशी त्याच मंत्रिमंडळाने पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदरालाही मंजुरी दिली. तेथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे केलेला विरोध सर्वांना माहीत आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला निर्णय झाल्यावर कळवायचे, ही पद्धत कोकणाला नवी नाही. आज जे नियम गुजरात-तामिळनाडूसाठी म्हणून बनतील, तेच उद्या रत्नागिरी-सिंधुदुर्गला लागू होतील. त्या वेळी हरकत घ्यायला गेलो तर आपल्याला सांगण्यात येईल, "नियम कधीच ठरले आहेत, तेव्हा तुम्ही कोठे होता?"

हा समुद्र मुळात कोणाचा? संविधानाचा अनुच्छेद २९७ याचे उत्तर देतो. सागरी हद्दीत समुद्राखाली असलेल्या जमिनी, खनिजे व इतर मौल्यवान वस्तू भारतीय संघराज्याच्या मालकीच्या आहेत आणि त्या संघराज्याच्या प्रयोजनांसाठी धारण करायच्या आहेत, असे हे कलम सांगते. १९४९ साली संविधान सभेत ही तरतूद खुद्द बाबासाहेबांनी मांडली होती. किनाऱ्यावरच्या एखाद्या राज्याने वा संस्थानाने उद्या समुद्रतळावर आपला हक्क सांगू नये, ती संपत्ती साऱ्या देशाची राहावी, हा त्यामागचा विचार. १९७६ च्या चाळिसाव्या घटनादुरुस्तीने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रातली साधनसंपत्तीही त्यात आली. त्याच वर्षीच्या सागरी क्षेत्र कायद्याच्या कलम ७ मध्ये भरती, प्रवाह आणि वारे यांपासून ऊर्जा निर्माण करण्याचा हक्क शब्दशः लिहिलेला आहे. म्हणजे समुद्रावरचा वारा कोणाचा, हा प्रश्न कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे. तो देशाचा आहे.

पण देशाचा म्हणजे कोणाचा? समुद्राला सातबारा नाही. तेथे कोणाचे खाते नाही, कोणाचे वतन नाही, कोणाची वडिलोपार्जित हिस्सेवाटणी नाही. नेसरीच्या बौद्धवाड्यातला भूमिहीन मजूर आणि मुंबईतला उद्योगपती हे दोघे या देशात कोठे बरोबरीचे मालक असतील, तर ते समुद्राचे आहेत. सरकार त्या मालमत्तेचे फक्त विश्वस्त आहे. २०१२ साली स्पेक्ट्रमच्या खटल्यात १२२ परवाने रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले, की नैसर्गिक साधनसंपत्ती जनतेची आहे आणि सरकारला ती विश्वस्ताच्या नात्यानेच देता येते. संविधानाचा अनुच्छेद ३९ (ख) तर राज्याला आदेशच देतो की भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण यांची विभागणी सामूहिक हित साधेल अशी व्हावी.

तथापि कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत किती अंतर असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. महाडचे चवदार तळे नगरपालिकेच्या ठरावाने १९२४ सालीच सर्वांना खुले झाले होते. तरीही त्याचे पाणी ओंजळीत घ्यायला १९२७ चा सत्याग्रह करावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल मिळायला १९३७ उजाडले.

जमिनीवरच्या पवनचक्क्यांनी आपल्याला काय शिकवले तेही पाहू. सातारा जिल्ह्यातले वनकुसवडे पठार, सांगलीकडचे ढालगाव, धुळे जिल्ह्यातले ब्राह्मणवेल ही महाराष्ट्रातली मोठी पवनऊर्जा क्षेत्रे. १९९० च्या दशकात या उद्योगाला आयकरात शंभर टक्के घसाऱ्याची सवलत होती. चक्की उभी केली की सवलत मिळायची, मग तिने वीज किती दिली हा प्रश्न मागे पडायचा. पैसा गुंतवणारे पठारावर आले ते वाऱ्यासाठी किती आणि कर वाचवण्यासाठी किती, हे ज्याने त्याने ठरवावे. साक्री तालुक्यात आदिवासी जी जमीन पिढ्यानपिढ्या कसत होते, तिच्यावर चक्क्या आल्या तेव्हा त्यांना वनहक्कासाठी रस्त्यावर यावे लागले.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पठारावरचे कुटुंब एका कार्यकर्त्याबरोबर आमच्याकडे कागद घेऊन आले. कागद म्हणजे एक जुनी पावती, एक अर्ज आणि रेशनकार्ड. आजोबांपासून ते घर त्या माळावर शेळ्या चारत आले होते. सातबारा मात्र मुंबईला राहणाऱ्या मालकाच्या नावावर. चक्की आली, मालकाला पैसे मिळाले, पठारावर रस्ता झाला आणि कुंपण पडले. त्या घरातल्या पोराला ठेकेदाराकडे रखवालदाराचे काम मिळाले, तेही काही महिने. म्हातारा सारखा म्हणत होता, "साहेब, आमचा माळ गेला." आणि आम्ही विचारत होतो, "तात्या, माळ तुमचा होता याला कागद काय?" हा प्रश्न विचारताना आमची आम्हालाच लाज वाटली. पण कोर्टही तोच विचारणार होते. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याचे नुकसान कायद्याच्या लेखी नुकसानच नसते. समुद्रात तर कोणाकडेच सातबारा नाही!

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने या बाबतीत एक चांगले पाऊल टाकले होते. ज्याची जमीन जाते तोच बाधित, ही जुनी समजूत त्याने मोडली. संपादनापूर्वी तीन वर्षे ज्यांची उपजीविका जंगलावर वा जलाशयावर अवलंबून होती, त्या मच्छीमारांना व नावाड्यांनाही त्याने 'बाधित कुटुंब' मानले. पण समुद्रातल्या पवनचक्कीसाठी भूसंपादन होत नाही, भाडेपट्टा होतो. त्यामुळे केबल जेथे किनाऱ्याला लागते आणि उपकेंद्रासाठी जमीन घेतली जाते, तेथे फार तर हा कायदा येईल. ज्या पाण्यात जाळे टाकले जाते तेथे तो येत नाही. समुद्री कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा प्रत्येक बांधकामाभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षा क्षेत्र आखता येते. शंभर चक्क्या उभ्या राहिल्या तर जाळे टाकायला पाणी किती उरेल? मोठी बोट दूर जाईल. लहान होडीवाला कोठे जाईल? बोटीवरचा खलाशी, बंदरावर टोपली उचलणारा हमाल, डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकणारी बाई, यांच्या नावावर तर बोटही नाही. त्यांना बाधित कोण म्हणणार?

या सगळ्यात आम्हाला कोकणची खोती दिसते. खोत मुळात जमिनीचा मालक नव्हता. तो सरकारसाठी सारा वसूल करणारा मध्यस्थ होता. सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि कुळाकडून मनमानी घ्यायची, असे करता करता तो गावाचा धनी झाला. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून आले. त्याआधी १९३३ पासून चरीच्या कुळांचा संप चालू होताच. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. सरकारकडून घेतलेला मध्यस्थाचा हक्क मालकी बनतो तेव्हा तो परत काढून घ्यायला किती पिढ्या लागतात, हे त्या इतिहासात दिसते.

आता २०२३ च्या नियमांकडे पाहा. पवनचक्क्या उभारून चालवण्यासाठी भाडेपट्टा ३५ वर्षांचा. पस्तीस वर्षे म्हणजे एका माणसाची सारी उमेदीची वर्षे. आज शाळेत जाणारे कोळ्याचे पोर भाडेपट्टा संपेल तेव्हा निवृत्तीला टेकलेले असेल. एवढ्या मुदतीचा हक्क द्यायचा तर त्याच्या अटी संसदेच्या कायद्यात हव्यात, की मंत्रालयाच्या नियमांत? कायदा संसदेत मांडला जातो, त्यावर चर्चा होते, दुरुस्त्या सुचवता येतात, विरोधक बोलतात. नियम कचेरीत लिहिले जातात आणि राजपत्रात छापून आल्यावर आपल्याला कळतात. ब्राझीलसारख्या आपल्याच तोलाच्या देशाने जानेवारी २०२५ मध्ये समुद्रातील पवनऊर्जेसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि मिळकतीचा वाटा राज्यांना व नगरपालिकांना देण्याची तरतूद त्यात घातली. आपल्याकडे १९७६ चा कायदा, २०१५ चे धोरण आणि २०२३ चे नियम अशी ठिगळे आहेत.

महाराष्ट्राला तर या विषयात विशेष सावध राहण्याचे कारण आहे, आणि ते कारण कोकणच्याच किनाऱ्यावर उभे आहे. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प आपण विसरलो काय? १९९२ साली सामंजस्य करार, १९९३ च्या डिसेंबरात वीज खरेदी करार. परकीय भांडवल यावे म्हणून राज्य सरकारने हमी दिली, केंद्राने प्रतिहमी दिली. वीज घ्या वा न घ्या, क्षमतेचा आकार भरलाच पाहिजे, आणि तोही डॉलरच्या भावाशी जोडलेला. १९९५ साली नव्या सरकारने करार रद्द केला आणि लगेच पुन्हा वाटाघाटी करून तो स्वीकारलाही. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. करार आधी आणि नियामक नंतर! २००१ साली वीज मंडळाला ती महाग वीज घेणे परवडेना, खरेदी थांबली, प्रकल्प बंद पडला, डिसेंबरात एन्रॉनने दिवाळे काढले. २००५ साली सरकारी कंपन्यांना पुढे करून तो प्रकल्प सावरावा लागला. फायदा खासगी आणि तोटा सार्वजनिक, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

समुद्रातील पवनऊर्जेची योजना म्हणजे एन्रॉन, असे आम्ही म्हणत नाही. येथे निविदा निघणार आहेत, स्पर्धा होणार आहे, हा फरक मान्य केला पाहिजे. पण आकडे पाहा. १,००० मेगावॅटसाठी ६,८५३ कोटी म्हणजे मेगावॅटमागे सुमारे ६ कोटी ८५ लाख रुपये जनतेच्या तिजोरीतून जाणार. समुद्रातले उपकेंद्र आणि किनाऱ्यापर्यंतची पारेषण व्यवस्था सार्वजनिक क्षेत्रातली पॉवरग्रिड उभारणार. बंदरे सरकार सुधारून देणार. समुद्र तर जनतेचाच. एवढे सगळे जनतेचे असताना त्या विजेच्या दरात, नोकरीत, नफ्यात जनतेचा वाटा कोठे लिहिला आहे? २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६४ खाली दर ठरतो तेव्हा आयोगाला लोकांच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. पण निविदेतून आलेला दर कलम ६३ खाली येतो, आणि प्रक्रिया पारदर्शक होती एवढे पाहून आयोगाला तो स्वीकारावा लागतो. सबसिडी किती, जोखीम कोणाची, भाडेपट्ट्याच्या अटी काय, हे सगळे त्याआधीच ठरून गेलेले असते. ग्राहकाचा आवाज पोहोचतो तेव्हा दार बंद झालेले असते.

येथे बाबासाहेबांच्या कार्याचा एक भाग सांगितला पाहिजे, कारण जयंतीच्या भाषणांत तो फार क्वचित येतो. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि वीज हा विषय त्यांच्या खात्याकडे होता. युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या वीजविषयक धोरण समितीचे ते अध्यक्ष होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये तिच्यापुढे बोलताना त्यांनी विचारलेले प्रश्न आजही जसेच्या तसे लागू आहेत. वीज सरकारी मालकीची असावी की खासगी? खासगी असेल तर जनतेच्या हिताच्या रक्षणासाठी कोणत्या अटी असाव्यात? स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही, आणि औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते याच काळात. पुढे १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्याच मालकीचे असावेत असे त्यांनी लिहिले. ज्या महामानवाला आपण फक्त संविधानाचे शिल्पकार म्हणून हार घालतो, तो वीजधोरणाचाही शिल्पकार होता.

या धोरणाचे फळ आपल्या घरात पोहोचले. १९४८ च्या कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळे आली. महाराष्ट्र राज्य वीज मंडळात आरक्षणाने आपली पोरे लाईनमन झाली, ऑपरेटर झाली, पुढे इंजिनिअर झाली. कित्येक बौद्धवाड्यांत पहिला पगार आणणारा माणूस एसटीत, रेल्वेत नाहीतर वीज मंडळात होता. त्या एका पगारावर भावंडे शिकली. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन कंपन्या झाल्या. आता निर्मितीचा नवा विस्तार बहुतेक खासगी क्षेत्रात होत आहे, आणि अनुच्छेद १६ (४) चे आरक्षण खासगी कंपनीला लागू नाही. कोळशाच्या केंद्रात आपला माणूस निदान कायम कामगार होता. समुद्रातल्या पवनचक्कीवर तो कोण असेल? ठेकेदाराचा रोजंदार?

कोणी असे समजू नये की आमचा पवनऊर्जेला विरोध आहे. चंद्रपूर-कोराडीची राख कोणाच्या वस्तीवर पडते हे आम्हाला ठाऊक आहे. दुष्काळ आणि महापूर यांचा पहिला तडाखा कोणाला बसतो हे कोल्हापूर-सांगलीने २०१९ साली पाहिले. कोळसा कमी व्हावा, वाऱ्याची वीज वाढावी, यात आपल्या समाजाचे हितच आहे. सरकारी अंदाजाप्रमाणे या पहिल्या १,००० मेगावॅटमधून वर्षाला सुमारे ३७२ कोटी युनिट वीज मिळेल, ती मिळावी. अर्थतज्ज्ञ म्हणतात की उद्योग बाल्यावस्थेत आहे, आताच नियमांचे ओझे टाकले तर गुंतवणूकदार येणार नाहीत. आम्ही विचारतो, एन्रॉनवर अटींचे ओझे नव्हते, म्हणून तो टिकला काय? गुंतवणूकदाराला भीती वाटते ती अनिश्चिततेची. आधी करार, मग आंदोलन, मग खटला, मग फेरवाटाघाटी, ही खरी अनिश्चितता. आधीच स्पष्ट कायदा असला तर भांडवलही सुरक्षित आणि मच्छीमारही. समुद्रात अजून एकही पाते फिरत नाही. हा उशीर सरकारला अपयश वाटत असेल, आम्हाला ती संधी वाटते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

पहिली, समुद्रातील पवनऊर्जेसाठी संसदेने स्वतंत्र कायदा करावा, आणि त्यात सरकार हे जनतेचे विश्वस्त आहे हे तत्त्व लिहावे.

दुसरी, जनसुनावणी सक्तीची करावी. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापनाच्या अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत. पर्यावरणाचा अभ्यास करावा असे धोरणात म्हटले आहे, पण कंपनीने अभ्यास करणे वेगळे आणि बंदरावरच्या माणसाला माईकसमोर उभे राहून त्याच्या भाषेत हरकत घेण्याचा हक्क असणे वेगळे. ही सुनावणी भाडेपट्टा देण्यापूर्वी व्हावी.

तिसरी, भाडेपट्टा आणि वीज खरेदी करार सही होताच संपूर्ण प्रसिद्ध करावेत. माहिती अधिकारात मागायला गेले की 'व्यापारी गुपित' म्हणून नकार मिळतो. जनतेच्या समुद्राचा करार जनतेपासून गुपित कसा?

चौथी, २०१३ च्या कायद्यातली 'बाधित कुटुंबा'ची व्याख्या समुद्राला लागू करावी. बोटमालकाबरोबर खलाशी, हमाल आणि मासळी विकणाऱ्या बाया यांची यादी काम सुरू होण्यापूर्वी व्हावी, आणि भरपाईसाठी मालकीच्या कागदाची अट नसावी.

पाचवी, भाड्याच्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत खर्च व्हावा. खाणींच्या जिल्ह्यांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणीला चालते ते वाऱ्याला का चालू नये? त्या निधीतून बौद्धवाड्या, कोळीवाडे आणि आदिवासी पाड्यांतल्या मुलांच्या तांत्रिक शिक्षणाला पहिला हक्क असावा.

सहावी, जी कंपनी सार्वजनिक अनुदान घेते तिच्यावर निविदेतच आरक्षणाची अट असावी. सरकारचा पैसा हवा आणि सरकारचे सामाजिक धोरण नको, हे चालणार नाही.

सातवी, मुदत संपल्यावर चक्क्या काढून समुद्र मोकळा करण्याची रक्कम कंपनीने सुरुवातीलाच अनामत ठेवावी. नाहीतर गंजलेले मनोरे आपल्या नातवंडांना वारसाहक्काने मिळतील.

या मागण्या स्वप्नाळू आहेत असे कोणी म्हणेल, तर त्याने कोपनहेगनजवळचे मिडेलग्रुन्डेन पाहावे. २००० साली तेथे समुद्रात वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि त्यातली निम्मी मालकी हजारो सामान्य नागरिकांच्या सहकारी संस्थेकडे होती. कोल्हापूर जिल्ह्याला सहकार शिकवायला डेन्मार्कची गरज नाही. पण आपल्या सहकाराचा एक दोषही आम्हाला माहीत आहे. साखर कारखान्याचा सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला जमीन लागते, म्हणून आपला भूमिहीन माणूस सहकारातही ऊसतोडीपुरताच राहिला. समुद्राच्या सहकारात ती अट घालायचे कारणच नाही. तेथे वीज वापरणारा आणि किनाऱ्यावर राबणारा सभासद होऊ शकतो. सातबारा नसलेल्या माणसाला वाटेकरी करता येईल असा उद्योग वारंवार येत नाही.

चळवळीच्या कार्यकर्त्यांना आमचे आवाहन आहे. कोकणातल्या शाखांनी मच्छीमार संघटनांशी आताच बोलावे. चरीच्या संपात आगरी, कोळी, महार कुळे एकत्र होती, तो वारसा आपल्याकडे आहे. आपल्या वकिलांनी १९७६ चा कायदा आणि २०२३ चे नियम वाचून काढावेत, त्यांची मराठीत टिपणे करून विहारात वाचावीत. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींनी हे तंत्र शिकावे. आपल्या खासदारांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, पत्र लिहून विचारावे, की कायदा केव्हा आणणार?

पठारावरच्या त्या म्हाताऱ्याला आम्ही कागद विचारला होता. समुद्राच्या बाबतीत कोळ्याने वा मजुराने सरकारी कचेरीत जाऊन "आमचा समुद्र" असे म्हटले, तर त्यालाही कोणी कागद विचारील. त्या वेळी त्याला दाखवता येईल असा कागद आहे. त्याचे नाव भारताचे संविधान, अनुच्छेद २९७. तो त्याच्या हातात देणे हे आता आपले काम आहे.